चिमटा घेताना

"या वेळी कशावर लिहिते आहेस?" परवा मावशीनं फोनवर विचारलं. मी म्हटलं, "चिमट्यावर." पलीकडे क्षणभर शांतता. मग, "पापड भाजायच्या?" "नाही गं, प्रयोगशाळेतल्या." "त्यात काय लिहायचंय, बाई?"

मावशीचं काही चुकलं नाही. आमच्या स्टाफरूममध्येही मी हा विषय काढला की लोक चहाचा कप उचलून खिडकीकडे जातात. पण गेली काही वर्षं हा विषय डोक्यातून जात नाहीये, म्हणून आज लिहूनच टाकते. माझं म्हणणं आधीच सांगते, म्हणजे कंटाळा आला तर इथूनच परत फिरता येईल. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेसाठी चिमटे, सुया, कात्र्या अशी बारीक हत्यारं घेताना आपण जी काटकसर करतो, तिची किंमत मुलं भरतात. आणि आपण काही भरलं हे त्या मुलांना कळतसुद्धा नाही.

मी चंद्रपूर जिल्ह्यात, झाडीपट्टीत, वनस्पतिशास्त्र शिकवते. चंद्रपूर-गडचिरोली म्हटलं की बाहेरच्या लोकांना ताडोबाचा वाघ आठवतो, फार तर सागवान आणि बांबू. पण आमच्याकडच्या घराघरातलं वर्ष चालतं ते धानावर. (पुण्या-मुंबईचे नातेवाईक 'भात' म्हणतात. आमच्याकडे भात ताटात असतो, बांधीत असतो तो धान!) त्यामुळे दोन वाणांचा संकर कसा करतात हे शिकवायला मला पुस्तकातलं चित्र लागत नाही. पाऊस ओसरला, धान निसवला, की कॉलेजच्या मागच्या बांधीतून कुंडीसकट रोपं आणायची आणि टेबलावर मांडायची.

धानाचं फूल कधी नीट पाहिलंय का तुम्ही? बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. अगदी ज्यांचा जन्म बांधीत गेला त्यांनीही नाही. लोंबीवरचा प्रत्येक दाणा हा आधी एक फूल असतो. आपण ज्याला पुढे तूस म्हणतो त्या दोन हिरव्या टरफलांच्या आत सहा पुंकेसर आणि मधोमध पिसासारखी दोन नाजूक टोकं, म्हणजे कुक्षी. सकाळी दहा-अकराच्या सुमारास टरफलं थोडा वेळ उघडतात, आणि तेवढ्यात त्याच फुलाचा पराग त्याच फुलाच्या कुक्षीवर पडून मोकळा होतो. म्हणजे धान स्वतःचं लग्न स्वतःशीच लावून टाकतो. आपल्याला दुसऱ्या वाणाशी लावायचं असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळी किंवा भल्या सकाळी, फूल उघडायच्या आत, टरफलाचं वरचं एक तृतीयांश टोक बारीक कात्रीनं तिरकं कापायचं, चिमटा आत घालायचा आणि सहाच्या सहा परागकोश न फोडता बाहेर काढायचे. परागकोश असतो दोनेक मिलिमीटर लांब. एक जरी आत राहिला किंवा फुटला तरी सगळं मुसळ केरात. कुक्षीला धक्का लागला तरी तेच. मग लोंबीवर कागदी पिशवी घालायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाची फुललेली लोंबी तिच्यावर झटकायची.

ज्या आयआर-८ वाणानं आशियातली भातशेती बदलून टाकली त्याचा संकर १९६२ साली फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत झाला. 'पेटा' आणि 'डी-जिओ-वू-जेन' या दोन वाणांचा. १९६६ साली तो वाण शेतकऱ्यांच्या हातात आला. एवढ्या मोठ्या गोष्टीच्या मुळाशी कुणीतरी एका फुलातून सहा परागकोश धड काढले होते, हे मी दरवर्षी वर्गात सांगते. मुलांचे डोळे जरा मोठे होतात. आपल्या सिंदेवाहीच्या केंद्रातही भाताचे संकर करतात म्हटलं की आणखी मोठे होतात, कारण सिंदेवाही त्यांच्या मामाचं गाव असतं.

आता मूळ गोष्ट.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती. धानाच्या घरची. रोवण्याच्या दिवसांत आठ-आठ दिवस कॉलेजला यायची नाही, आणि आली की बोटं चिखलपाण्यानं फुगून पांढरी झालेली. वर्गात फारसं बोलायची नाही, पण प्रश्न विचारला की तो नेमका असायचा. या प्रॅक्टिकलची तिनं फार वाट पाहिली होती. आणि तिला ते जमलं नाही. दोन संध्याकाळी ती बसून राहिली. परागकोश फुटायचे, कुक्षी चिरडायची, नाहीतर आत धरलेला परागकोश बाहेर येईपर्यंत निसटायचा. वीस फुलांपैकी एकही धड नाही. शेवटी चिमटा टेबलावर ठेवून म्हणाली, "मॅडम, माझा हातच जड हाये जी. रोवण्याचा हात हाये. मले नाही जमत."

आणि मी काय केलं? समजूत काढली, "होईल सरावानं" म्हटलं, आणि तिच्या जर्नलवर शेरा लिहिला: 'हाताची सफाई कमी.' पुढच्या वर्षी तिनं विषय बदलला. कारणं चार असतील, घरची असतील, मी विचारलं नाही.

त्यानंतरच्या हंगामात मी स्वतः मुलांना करून दाखवायला बसले. माझा नेहमीचा चिमटा घरी राहिला होता, म्हणून त्यांच्या ट्रेमधला एक उचलला. आणि मलाही जमेना! वीस वर्षांचा माझा हात, आणि समोर परागकोश फुटतोय. दुसरा चिमटा घेतला, तेच. तिसरा घेतला, तेच. वर्ग पाहत होता. मी काहीतरी सारवासारव केली आणि संध्याकाळी ते तिन्ही चिमटे पर्समध्ये टाकून आमच्या गावातल्या घड्याळवाल्या काकांकडे गेले.

काकांनी डोळ्याला भिंग लावलं, चिमटा उजेडासमोर धरला, हळूच दाबला, आणि हसायला लागले. "मॅडम, हा चिमटा नाही जी, ही कैची होय!"

मग मलाही भिंगातून दाखवलं. दाबल्यावर दोन्ही टोकं एकमेकांना भेटायच्या ऐवजी एकमेकांच्या बाजूनं सरकून जात होती. दुसऱ्याची टोकं भेटत होती, पण जरा जोर दिला की पुढून फाकत होती आणि मागे पोटात टेकत होती. म्हणजे मूल जितकं घट्ट धरायला जाईल तितकी वस्तू सुटणार. तिसऱ्याच्या टोकाला चक्क धातूचा बारीक काटा राहिलेला. असे दोन डझन चिमटे आमच्या ट्रेमध्ये होते. सर्वात कमी दराच्या कोटेशनवर घेतलेले, मी स्वतः सही करून ताब्यात घेतलेले. डब्यातून काढून मोजले होते, बस्स. एकही दाबून पाहिला नव्हता.

त्या रात्री मला झोप लागली नाही हे सांगायला लाज वाटत नाही. एका मुलीनं स्वतःच्या हाताबद्दल एक गोष्ट मनाशी पक्की केली होती, आणि ती खोटी होती. वर मी तिच्यावर लाल शाईनं शिक्का मारला होता.

त्यानंतर काकांकडे तीन-चार वेळा जाऊन मी जे शिकले ते इथे लिहून ठेवते. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

चिमटा हातात आला की पहिल्यांदा तो उजेडाकडे धरून अगदी हळू मिटायचा. सगळ्यात आधी टोकंच टेकली पाहिजेत, आणि त्यांच्या मागे बारीक फट दिसली पाहिजे. मग जोर वाढवायचा. टोकं सरकता कामा नयेत, फाकता कामा नयेत. मग डोक्यावरचा एक केस काढून काचेवर ठेवायचा आणि टोकानं उचलायचा. दुसऱ्या हातानं केस ओढला तर तो सहज सुटू नये. शेवटी चिमटा पाचेक मिनिटं नुसता उघडमीट करत बसायचं. अंगठा दुखायला लागला तर स्प्रिंग फार ताठ आहे. असल्या चिमट्यानं दहा फुलं होतील, पण अकराव्याला हात थरथरेल, आणि मूल म्हणेल माझा हात थरथरतो. काका म्हणतात, "मॅडम, चिमटा डोळ्यानं नाही घ्यायचा, बोटानं घ्यायचा."

बारीक चिमट्यांना आकारानुसार नंबर असतात, तेही मूळ घड्याळवाल्यांचेच. ५ नंबर म्हणजे सरळ आणि सुईसारख्या टोकाचा, ७ म्हणजे वाकड्या टोकाचा, २ए म्हणजे चपट्या गोल टोकाचा. स्वित्झर्लंडच्या ड्युमाँचा ५ नंबर हा जगभरच्या प्रयोगशाळांत नावाजलेला. त्याच्या साध्या प्रकाराचं टोकसुद्धा मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं असतं. पण त्याची किंमत हजारांत जाते आणि एकदा फरशीवर पडला की कपाळाला हात. कॉलेजच्या मुलांना तो नको. मोबाईल दुरुस्तीवाले वापरतात ते काळा लेप दिलेले चिमटे शे-दीडशेच्या आसपास मिळतात आणि त्यातले बरेच आमच्या कामाला उत्तम चालतात. अट एकच, एकेक दाबून निवडायचे. ऑनलाईन मागवत असाल तर आधी एकच मागवा, केस उचलून बघा, मग बाकीचे.

स्टेनलेस म्हणजे गंजतच नाही, हाही एक गोड गैरसमज. कांद्याच्या मुळाच्या प्रॅक्टिकलला आपण हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतो. त्यात बुडवलेला चिमटा न धुता ट्रेमध्ये टाकला की आठवड्यात टोकाला खड्डे पडतात. ब्लीचिंगचंही तेच. साध्या कार्बन स्टीलचे चिमटे धारदार खरे, पण आमच्या पावसाळ्यात ते टिकणं कठीण. आणि बारीक टोकाचा चिमटा स्पिरिटच्या दिव्यावर लाल करायचा नाही. पोलादाचं पाणी उतरतं आणि टोक मऊ पडतं. काम झालं की धुवायचा, पुसायचा, टोकावर सलाईनच्या नळीचा बोटभर तुकडा चढवायचा. एवढंच.

आणि प्रत्येक कामाला बारीक चिमटा हवा असंही नाही बरं का. गडचिरोलीतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मलेरियासाठी रक्ताच्या काचा रंगवणाऱ्या टेक्निशियनला ५ नंबर देऊन काय उपयोग? काच रंगातून काढायला, कव्हरस्लिप उचलायला चपट्या टोकाचा हवा. काही कामांना तर चिमटाच नको. सिरोंच्याकडे प्राणहितेच्या काठी कोटा नावाचं गाव आहे. त्याच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या जुरासिक काळातल्या खडकांत डायनोसॉरची हाडं सापडली, तसे अगदी सुरुवातीच्या सस्तन प्राण्यांचे चिमुकले दातही सापडले. १९८१ साली वर्णन केलेला 'कोटाथेरियम' हा त्यातलाच. असले सूक्ष्म जीवाश्म चाळलेल्या मातीतून सूक्ष्मदर्शकाखाली वेचताना ओल्या ब्रशचं टोक वापरतात, कारण चिमट्यानं दाबलेला एवढासा दात टणकन उडाला की गेला! आणि छेद पसरवायची सुई तर विकत घेऊच नये. शिवणाची बारीक सुई बांबूच्या काडीत ठोकून बसवली की झालं. आमच्या भागात बांबूला काय तोटा? माझ्याकडच्या सगळ्या सुया मुलांनीच केलेल्या आहेत आणि त्या दुकानातल्या सुयांपेक्षा चांगल्या आहेत.

म्हणजे महाग घ्या असं माझं म्हणणं नाहीच मुळी. काम काय, हे हत्यार त्याला पुरं पडतं का, हे वापरणाऱ्यानं स्वतः पाहून घ्यावं, एवढंच.

यावर मला एक उत्तर नेहमी ऐकवलं जातं, आणि ते आमच्याच मातीतलं असल्यामुळे फार लागतं. "दादाजींकडे कुठे होता चिमटा?"

दादाजी म्हणजे दादाजी खोब्रागडे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीडेक एकर. १९८३ साली आपल्या बांधीतल्या 'पटेल ३' या धानात त्यांना तीन वेगळ्या, पिवळसर लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षं निवडत गेले, आणि त्यातून जो बारीक धान तयार झाला त्याला तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव पडलं: एचएमटी. घड्याळं बनवणारी ती कंपनी बंद करायचा निर्णय सरकारनं २०१६ साली घेतला, दादाजी ३ जून २०१८ रोजी गेले, पण एचएमटी तांदूळ आजही दुकानात मागून घेतला जातो.

तर, दादाजींकडे चिमटा नव्हता हे खरं. पण ते करत होते ती निवड. निसर्गानं आधीच घडवलेला फरक ओळखून तो जपायचा. त्याला डोळा लागतो, चिकाटी लागते, आणि ती त्यांच्याइतकी कुणाकडे होती? संकर हे वेगळं काम आहे. तिथे फरक आपण घडवायचा असतो, फुलाच्या आत शिरून. तिथे डोळ्याइतकंच हत्यारही लागतं. आणि दुसरं म्हणजे, दादाजींकडे काही नव्हतं ही त्यांच्या मोठेपणाची खूण आहे की आपल्या नाकर्तेपणाची? साधनं नसताना एका माणसानं केलं, म्हणून पुढच्या सगळ्यांना साधनं नसलेलीच बरी, हा कुठला न्याय? दादाजींचा फोटो भिंतीवर लावायचा आणि त्याच भिंतीखालच्या ट्रेमध्ये वाकडे चिमटे ठेवायचे, हे मला त्यांच्या नावाला शोभेल असं वाटत नाही.

"बजेट नाही" हेही ऐकते. हिशेब करून पाहिला. चाळीस रुपयांचे दोन डझन चिमटे म्हणजे नऊशे साठ रुपये. दीडशेचे सहा म्हणजे नऊशे. वीस मुलांना सहा चिमटे कमी पडतात, मान्य. मग गट पाडले. निम्मी मुलं फुलं कापतात, पिशव्या बांधतात, चिठ्ठ्या लिहितात, तोवर बाकीची परागकोश काढतात. प्रत्येक चिमट्याला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला आणि रजिस्टरमध्ये मुलाच्या नावासमोर तो रंग लिहायला लागले. माझ्या अपेक्षेपेक्षा ते जास्त टिकले. चांगली वस्तू हातात दिली की मुलं ती जपतात, हा अनुभव मला उशिरा आला याचंच वाईट वाटतं.

खरेदीच्या मागणीपत्रात मी आता 'चिमटा, स्टेनलेस स्टील, नग २४' असं लिहीत नाही. 'सरळ, बारीक टोकाचा. मिटल्यावर टोकं प्रथम टेकावीत, दाबल्यावर सरकू वा फाकू नयेत. केस उचलता यावा. नमुना पाहून पसंत केल्यावरच खरेदी' असं लिहिते. सगळ्यात कमी दराचा नियम राहू दे की, माझी हरकत नाही. पण केस उचलणाऱ्यांत जो सगळ्यात स्वस्त असेल तो घ्या. पहिल्यांदा हे वाचून ऑफिसात सगळे हसले. "मॅडम, केस कुणाचा?" वगैरे झालं. पण आता तसंच जातं.

आणि ती मुलगी?

दोन वर्षांपूर्वी एसटीत भेटली. मी ब्रह्मपुरीला चढले, ती आधीपासून बसलेली, मांडीवर मुलगा. तिनंच ओळखलं आणि सरकून जागा दिली. इकडचं तिकडचं झालं. मग मी तिला सगळं सांगितलं. चिमटे, घड्याळवाले काका, कैची, सगळं. आणि म्हटलं, "तुझा हात जड नव्हता गं. माझी चूक झाली."

ती थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. बांध्या नुकत्या रोवलेल्या होत्या. मग म्हणाली, "होय का जी? मी तर अजून घरी तेच सांगतो, बारीक काम मले देऊ नका म्हणून."

मला काय बोलावं सुचलं नाही. मुलगा माझ्या पर्सचा बंद ओढत होता. मग तिनंच विचारलं, "आता चांगले आले का जी चिमटे?" मी म्हटलं, "आले." म्हणाली, "मग बरं झालं." आणि तिचा थांबा आला.

तेव्हापासून पहिल्या प्रॅक्टिकलची पहिली दहा मिनिटं मी केस उचलायला ठेवते. ज्या मुलाला जमत नाही त्याला आधी दुसरा चिमटा देते. हाताबद्दल मग बोलू. तुमच्या घरात, ओळखीत कुणी शाळेत-कॉलेजात शिकवत असेल तर त्यांनाही एवढंच करायला सांगा, जमलं तर.